ऑनलाइन कोर्ट: काय फुकट, कशाचे पैसे

पुढची तारीख कळायला पैसे लागत नाहीत. कोर्टाने काल काय आदेश दिला हे वाचायलाही लागत नाहीत. तरीही कुठल्याही तालुका कोर्टाच्या आवारात असा पक्षकार भेटतोच, जो रोजगार बुडवून, एसटीचे भाडे भरून, केवळ तारीख विचारायला आलेला असतो आणि ती सांगणाऱ्याच्या हातावर चहापाण्याचे पैसे ठेवून परत जातो. देशातली न्यायालये संगणकावर आणण्याचा ई-कोर्ट प्रकल्प २००७ पासून चालू आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याच्या तिसऱ्या टप्प्यासाठी ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. हा पैसा आपल्याच करातून गेलेला आहे. त्यातून जी सोय मोफत मिळते, ती पुन्हा विकत घेण्याचे काही कारण नाही.

कोर्टाचा खर्च मांडायला बसलात तर तो तीन ठिकाणी जातो. एक, माहितीसाठी, हा खर्च आता शून्य असायला हवा. दोन, सरकारी फी. ती कायद्याने ठरलेली असते आणि ऑनलाइन भरली म्हणून कमी होत नाही. तीन, माणसांसाठी: वकील, टायपिस्ट, झेरॉक्सवाला, नोटरी, प्रवास, बुडालेला दिवस. संगणकामुळे खरी बचत होते ती या तिसऱ्या ठिकाणी, आणि अजाण माणसाकडून जास्तीचे पैसे काढले जातात तेही तिथेच.

आधी सीएनआर मागा

जिल्हा आणि तालुका न्यायालयांत दाखल झालेल्या प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा एक सीएनआर क्रमांक मिळतो. पहिली दोन अक्षरे राज्याची, आपल्याकडे एम-एच. पुढची दोन जिल्ह्याची. मग कोर्टाचा दोन अंकी संकेत, सहा अंकी अनुक्रम आणि शेवटी दाखल झाल्याचे वर्ष. दाव्याचा नंबर प्रकरण दुसऱ्या कोर्टात वर्ग झाल्यावर बदलू शकतो, शिवाय एकाच नंबरचे दावे वेगवेगळ्या कोर्टांत असू शकतात. सीएनआर मात्र देशात एकाच प्रकरणाचा असतो.

दावा दाखल झाला की वकिलांकडून सर्वांत आधी हाच क्रमांक लिहून घ्या. फी ठरवण्याच्या बोलण्यातच सांगा, ‘नंबर पडला की सीएनआर मला पाठवा.’ यात वकिलांवर अविश्वास नाही. आपल्या बँक खात्याचा नंबर आपल्याकडे असावा, इतकीच ती साधी गोष्ट आहे.

क्रमांक हाती आला की ‘ईकोर्ट्स सर्व्हिसेस’ हे सरकारी ॲप फोनवर घ्या. ते मोफत आहे, अँड्रॉइडवर आणि आयफोनवरही चालते. सीएनआर टाकला की पुढची तारीख, प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे, कोणत्या न्यायाधीशांपुढे आहे आणि आजवरच्या तारखांची यादी दिसते. प्रत्येक तारखेवर बोट ठेवले की त्या दिवशी कोर्टात काय घडले त्याची त्रोटक नोंद उघडते. ही नोंद वाचायची सवय लावा. कोण गैरहजर होते, मुदत कोणी मागितली, सुनावणी कशामुळे पुढे गेली, हे बहुतेक वेळा तिथे लिहिलेले असते. ‘साहेब रजेवर होते’ असे आपल्याला सांगितले गेले आणि नोंदीत मुदतीचा अर्ज आपल्याच बाजूने दिसला, तर पुढची फी देण्यापूर्वी शांतपणे विचारायचा प्रश्न तयार झाला.

साधा फोन असेल तर एसएमएस करता येतो. इंग्रजीत ‘ईकोर्ट्स’ लिहून, एक जागा सोडून सीएनआर टाकायचा आणि ९७६६८९९८९९ या क्रमांकावर पाठवायचा. खर्च एका साध्या एसएमएसचा. सीएनआर ठाऊक नसेल तर ॲपवर किंवा संकेतस्थळावर पक्षकाराचे नाव, दावा क्रमांक, वकिलाचे नाव किंवा पोलीस ठाण्याचा गुन्हा क्रमांक टाकून शोधता येते. नाव इंग्रजीत कसे लिहिले गेले आहे यावर मात्र सारे अवलंबून असते. ‘देशमुख’ दोन-तीन प्रकारे टाकून पाहावे लागते.

जमीन किंवा सदनिका विकत घेणाऱ्यांनीही हा शोध जरूर घ्यावा. विक्रेत्याच्या नावाने त्या जिल्ह्यात दिवाणी दावा चालू आहे का, हे पाहायला अर्धा तास पुरतो. मात्र तहसीलदार, प्रांत किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यांपुढची महसुली प्रकरणे इथे सापडत नाहीत. अर्धन्यायिक प्रकरणांची सरकारी सोय वेगळी आहे. त्यामुळे ईकोर्ट्सवर काही दिसले नाही म्हणून मालमत्ता निर्वेध आहे असे समजू नका. वकिलाकडून शोध घेण्याचे पैसे तिथे वाचवायचे नाहीत.

वाचायची प्रत आणि नक्कल

संकेतस्थळावरून उतरवलेला आदेश मोफत असतो, पण तो वाचण्यापुरता. अपिलाला, बँकेला, दुय्यम निबंधकाला प्रमाणित प्रत लागते. कोर्टाच्या भाषेत नक्कल. तिच्यासाठी नक्कल विभागात अर्ज करावा लागतो आणि पानांच्या हिशेबाने शुल्क पडते. तातडीची नक्कल मागितली तर जास्त. काही ठिकाणी हा अर्ज ऑनलाइनही करता येतो. शुल्काची पावती मिळते. ती मागून घ्या, कारण ‘नक्कल काढायचा खर्च’ या नावाखाली शुल्काच्या कितीतरी पट रक्कम सांगितली जाते आणि पावती पाहिली की फरक कळतो.

इथे पैशांहून मोठी गोष्ट मुदतीची आहे. निकाल ऑनलाइन दिसला की लगेच नकलेचा अर्ज टाका. नक्कल मिळायला जेवढा वेळ लागतो तो मुदत अधिनियम, १९६३च्या कलम १२ नुसार अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो, पण त्यासाठी अर्ज तर केलेला हवा. ‘निकाल ॲपवर होता, मग नक्कल कशाला’ म्हणत महिना घालवला तर विलंबमाफीचा अर्ज करावा लागतो आणि त्याचा खर्च वेगळा.

फौजदारी खटल्यात शिक्षा झाली असेल तर आरोपीला निकालपत्राची प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी कुणालाही काही द्यायचे नाही.

जुने निकाल वाचायला पूर्वी महागडे अहवाल विकत घ्यावे लागत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये आपले निकाल ‘ई-एससीआर’वर मोफत खुले केले, आणि त्यांतल्या काहींचे मराठी अनुवादही मिळतात. स्वतःची बाजू स्वतः मांडणाऱ्याला याचा मोठा आधार आहे.

कोर्ट फी तेवढीच

दिवाणी दाव्याची फी महाराष्ट्र न्यायालय फी अधिनियम, १९५९ प्रमाणे लागते. पैशाच्या किंवा मालमत्तेच्या दाव्यात ती दाव्याच्या मूल्यावर चढत जाते. तिची कमाल मर्यादा पूर्वी तीन लाख रुपये होती. २०१८ पासून ती दहा लाख झाली. चेक न वटल्याच्या तक्रारीलाही आपल्याकडे रकमेप्रमाणे फी आहे. ही फी आता ई-पेमेंटने भरता येते, त्यामुळे स्टॅम्प विक्रेत्याकडे रांग लावावी लागत नाही आणि पावती आपल्या ईमेलवर राहते. शक्य असेल तर ही रक्कम वकिलांच्या खात्यात न देता स्वतः भरा. ‘कोर्ट फी किती आणि तुमची फी किती’ हा हिशेब मग आपोआप वेगळा राहतो.

दोन सवलती लोकांना माहीतच नसतात. पहिली स्त्रियांसाठी. महाराष्ट्र शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४च्या अधिसूचनेने पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मालमत्तेच्या वादांत स्त्री पक्षकारांना कोर्ट फी माफ केली आहे. दिवाणी, कौटुंबिक आणि फौजदारी या तिन्ही न्यायालयांत. मालमत्तेच्या बाबतीत ही माफी तुमच्या दाव्याला लागते का, हे पहिल्याच भेटीत वकिलांना स्पष्ट विचारा. तीस वर्षे झाली तरी पोटगीसाठी येणाऱ्या बाईकडून ‘कोर्ट फीचे’ म्हणून पैसे मागितले जात असतील, तर ती तिच्या अडचणीवर केलेली कमाई आहे.

दुसरी सवलत प्रतिज्ञापत्राची. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराचा मुद्रांक पाचशेवर गेला आणि अनेक ठिकाणी प्रत्येक प्रतिज्ञापत्राला पाचशेचा कागद मागितला जाऊ लागला. न्यायालयात किंवा शासकीय कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला १ जुलै २००४च्या आदेशाने मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालते. नोटरीची फी तेवढी द्यावी लागेल.

दाव्यात तडजोड झाली आणि प्रकरण लोकअदालतीत मिटले तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. ती आपोआप खात्यात येत नाही, अर्ज करावा लागतो. लोकअदालतीला स्वतःची काही फी नाही. मात्र तिथल्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून सही करण्यापूर्वी रक्कम, हप्ते आणि तारखा कागदावर नीट वाचून घ्या.

ई-फायलिंगचे बिल

ई-फायलिंग पोर्टल वापरायची वेगळी फी नाही. वकिलाखेरीज स्वतः पक्षकारही तिथे नोंदणी करू शकतो आणि आधारवर आधारित ई-स्वाक्षरी करता येते, त्यामुळे डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह विकत घ्यायलाच हवा असे नाही. खरा खर्च स्कॅनिंगचा, पाने क्रमाने लावण्याचा, टायपिंगचा, आणि जिथे ऑनलाइन दाखल करूनही कागदी संच मागितला जातो तिथे झेरॉक्सचा. हा दुहेरी भार पक्षकारावर पडतो, आणि तो पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. एकदा कोर्टाने पीडीएफ स्वीकारली की त्याच पानांचे तीन गठ्ठे मागण्याला आधार उरत नाही. पण जोवर मागितले जातात तोवर त्याचा अंदाज आधीच घ्या.

न्यायालयाच्या आवारातल्या ई-सेवा केंद्रात जाऊन पाहा. प्रकरणाची स्थिती, नकलेचा अर्ज, ई-फायलिंग, ई-पेमेंट, व्हिडिओ सुनावणीची माहिती, तुरुंगातल्या नातेवाइकाच्या ई-मुलाखतीची वेळ, असे सगळे इथे करून देणे अपेक्षित आहे. आवारात कुणी ‘फॉर्म भरून देतो, पाचशे द्या’ म्हणाले तर आधी हे केंद्र कुठे आहे ते विचारावे.

व्हॉट्सॲपचा पुरावा

हा खर्च अंदाजपत्रकात कुणी धरत नाही आणि ऐन साक्षीच्या वेळी अंगावर येतो. मोबाइलमधले संभाषण, ध्वनिमुद्रण, सीसीटीव्हीचे चित्रण नुसते छापून किंवा पेनड्राइव्हवर देऊन भागत नाही. सोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र लागते. हा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पक्का केला तो आपल्याच जालन्याच्या प्रकरणात. अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्या निवडणूक वादात, उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाले की नाही हे दाखवणाऱ्या चित्रणावरून हा प्रश्न उभा राहिला होता. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने कोर्टात हजर करून सिद्ध केले तर प्रमाणपत्राची गरज नाही, असेही तिथे सांगितले गेले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्राचे दोन भाग झाले: एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. फाइलचे हॅश मूल्यही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संकेत, त्यात लिहावे लागते. तज्ज्ञाची फी ठरलेली नाही, म्हणून दोन-तीन ठिकाणी दर विचारा. शंभर पाने छापण्याआधी कोणते दहा संदेश खरोखर कामाचे आहेत हे वकिलांबरोबर बसून ठरवा. आणि सर्वांत महत्त्वाचे: जुना फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. तो फोन हाच तुमचा मूळ पुरावा आहे.

व्हीसीवर हजेरी

दूरवरून साक्ष घेण्याची कल्पना नवी नाही. महाराष्ट्र सरकार विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच अमेरिकेतल्या डॉक्टरांची साक्ष व्हिडिओवरून घेता येते असे ठरवले. करोनाच्या काळात ती गोष्ट रोजची झाली. आज व्हिडिओ कॉन्फरन्सने, म्हणजे व्हीसीने, हजर राहायचे तर कोर्टाची परवानगी लागते. साधी सुनावणी असेल तर खर्च डेटापुरताच. साक्ष नोंदवायची असेल तर सर्वसाधारण नियम असा, की दिवाणी प्रकरणात ज्याने व्हीसी मागितली त्याने खर्च सोसायचा; फौजदारीत कोर्ट सांगेल त्याने. सुनावणीचे चित्रण करणे मना आहे, तेव्हा घरातल्या कुणालाही दुसऱ्या फोनवर ते करायला बसवू नका.

अमेरिका, आखात किंवा युरोपात असलेल्या मराठी माणसाचा वाटणीचा दावा पुण्यात किंवा साताऱ्यात चालू असतो, तेव्हा ही सोय विमानाचे तिकीट वाचवते. परदेशातून साक्ष द्यायची तर बहुधा तिथल्या भारतीय दूतावासातला किंवा वाणिज्य दूतावासातला अधिकारी समन्वयक म्हणून लागतो, त्याची वेळ आणि शुल्क धरून चाला. भावाला कुलमुखत्यारपत्र पाठवले असेल तर ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्या. हे राहून गेले की दंड बसतो.

प्रवासाचा खर्च आणखी एका कारणाने कमी झाला आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांना आता मुंबईत मुक्काम करावा लागत नाही. तुमचे जुने प्रकरण मुंबईत होते तर ते आता कुठे आहे, हे उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

ग्राहक आयोग: वकिलाशिवाय, घरबसल्या

सामान्य माणसाला डिजिटल न्यायाचा सर्वांत थेट उपयोग इथे आहे. २०२० मध्ये ‘ई-दाखिल’ आले. १ जानेवारी २०२५ पासून त्याची जागा ‘ई-जागृती’ने घेतली. तक्रार, कागदपत्रे, फी, सगळे तिथेच. वकील लागतोच असे नाही.

फी पाहा. वस्तू किंवा सेवेसाठी तुम्ही मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शून्य. पाच ते दहा लाखांना २०० रुपये, दहा ते वीस लाखांना ४००, वीस ते पन्नास लाखांना १,०००. पन्नास लाखांच्या वर प्रकरण जिल्हा आयोगाकडून राज्य आयोगाकडे जाते: एक कोटीपर्यंत २,००० आणि दोन कोटींपर्यंत २,५००. त्यापुढचे राष्ट्रीय आयोगाकडे. लक्षात घ्या, हिशेब मोजलेल्या किमतीवर होतो, मागितलेल्या भरपाईवर नाही. चाळीस हजारांच्या फ्रिजबद्दल तीन लाखांची भरपाई मागितली तरी फी शून्यच. पण म्हणून रक्कम फुगवू नका. बिल, दुरुस्तीची पत्रके, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार यांवर उभी राहणारीच मागणी टिकते.

तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत अर्ज हवा. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ती मोफत आहे, अनेक प्रकरणे तिथेच मिटतात, आणि मिटले नाही तर तो तक्रार क्रमांक पुढे जोडता येतो. विरुद्ध बाजूला नोटीस पाठवायचा खर्च, स्कॅनिंग आणि क्वचित तज्ज्ञाचा अहवाल एवढाच बाकीचा खर्च. सुनावणी व्हीसीने व्हावी अशी विनंती कायद्याने करता येते. ती अर्जातच करा.

चलान, आणि खोटे कोर्ट

वाहतुकीच्या ई-चलानांसाठी महाराष्ट्राचे आभासी न्यायालय ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या काटोल न्यायालयात सुरू झाले. तिथे गाडीचा किंवा चलानाचा क्रमांक टाकून दंड ऑनलाइन भरता येतो. भरला की प्रकरण संपते. मान्य नसेल तर ‘लढायचे आहे’ असा पर्याय आहे. तो निवडला की प्रकरण नियमित कोर्टात जाते आणि तिथे जावे लागते. लहान दंडापेक्षा एका फेरीचा खर्च जास्त होतो, हा विचार करूनच निवडा. गाडी तुमची नसेलच, तर आधी वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर फोटो पाहून तिथे तक्रार करा.

चलानाच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी ॲपची फाइल कधीही उघडू नका. तिने फोनमधले ओटीपी चोरले जातात. सरकारी पत्ता ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ने संपतो. दुसरा, याहून भीषण प्रकार ‘डिजिटल अरेस्ट’चा. २०२४ मध्ये पंजाबातल्या एका नामवंत उद्योगपतीला सर्वोच्च न्यायालयाची खोटी ऑनलाइन सुनावणी दाखवून सात कोटी रुपयांना फसवले गेले. तेव्हा फसणारा अडाणीच असतो असे नाही. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद कुठल्याही कायद्यात नाही, आणि कुठलेही न्यायालय ‘पडताळणीसाठी’ खात्यात पैसे मागवत नाही.

नव्या फौजदारी प्रक्रियेत समन्स इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही येऊ शकते, म्हणून फोनवर आलेले प्रत्येक समन्स खोटेच समजून फेकूनही देऊ नका. त्यावरचा प्रकरण क्रमांक ईकोर्ट्सवर टाकून पाहा, त्या कोर्टाच्या कार्यालयात विचारा. पैसे गेलेच तर तत्काळ १९३० वर फोन करा. पहिल्या तासाभरात रक्कम गोठवण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

वकिलाची फी परवडत नसेल तर

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतले कैदी आणि आपत्तिग्रस्त यांना मोफत वकील मिळतो. स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. ती कमावती असली तरी हक्क आहे. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका विधी सेवा समितीत करायचा. दोन्ही कार्यालये न्यायालयाच्या आवारातच असतात. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या पोर्टलवरही अर्ज करता येतो आणि १५१०० हा टोल फ्री क्रमांक आहे. ओळखपत्र, प्रकरणाचे कागद, आणि लागू असेल तर उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला सोबत ठेवा.

या योजनेतून नेमलेल्या वकिलांनी पक्षकाराकडून पैसे घ्यायचे नसतात. टायपिंगच्या नावाने नाही, स्कॅनिंगच्या नावाने नाही. मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार द्या, त्यात सीएनआर लिहा, आणि दुसरा वकील मागा.